वैखरी ओसरताना : क्रमशः वाचा गमावणाऱ्या व्यक्तीची संवादसाधने आणि मराठीची मांडणी

१. प्रास्ताविक

काही विकारांत माणसाची वाचा एकाएकी जात नाही, ती टप्प्याटप्प्याने ओसरते. आधी उच्चार जड होतात, मग अनोळखी माणसाला बोलणे कळेनासे होते, पुढे घरच्यांनाही कळत नाही आणि अखेर आवाजच उरत नाही. अशा व्यक्तीसाठी संवादसाधन कसे शोधावे, हा प्रश्न सामान्यतः वैद्यकाचा किंवा तंत्रज्ञानाचा मानला जातो. प्रस्तुत लेखात तो भाषेचा आणि वाङ्मयव्यवहाराचा प्रश्न म्हणून विचारात घ्यावयाचा आहे. बोलणाऱ्याचे शब्द दुसऱ्याच्या हातून, फळीवरून किंवा यंत्रातून प्रकट होऊ लागले की लिप्यंतर, भाषांतर, लेखनिक आणि कर्तृत्व हे तौलनिक साहित्याचे परिचित प्रश्न रुग्णाच्या उशाशी येऊन उभे राहतात. त्यांची उत्तरे तेथे लवकर आणि नेमकी द्यावी लागतात.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. साधनाचा शोध हा आधी त्या व्यक्तीच्या भाषेचा शोध असतो. यंत्र नंतरही मिळू शकते, पण व्यक्तीची स्वतःची भाषा वाचा शाबूत असतानाच जमा करावी लागते. आणि मराठीपुरते बोलायचे तर तिच्या वर्णमालेच्या परंपरागत मांडणीतच एक उत्तम साधन दडलेले आहे.

२. काय जाते आणि काय उरते

भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त वाणीच्या पश्यंती, मध्यमा आणि वैखरी अशा तीन अवस्था सांगितल्या. पुढील परंपरेने ‘परा’ धरून त्या चार मानल्या. ही विभागणी दार्शनिक आहे, वैद्यकीय नव्हे. तथापि साधन निवडताना प्रथम जो भेद करावा लागतो तो समजून घेण्यास ती उपयोगी पडते.

मोटर न्यूरॉन विकारात, म्हणजे एएलएस व तत्सम रोगांत, स्नायूंना आज्ञा पोहोचवणाऱ्या चेतापेशी नष्ट होत जातात. जीभ, ओठ, टाळू व श्वास यांवरील ताबा जातो, परंतु शब्द सुचणे, वाक्य रचणे, विनोद कळणे हे बहुतेकांत टिकून असते. काही रुग्णांत बुद्धिव्यापारांतही बदल होतात, हे मात्र ध्यानात ठेवावयास हवे. डोळ्यांच्या हालचाली सहसा सर्वांत शेवटपर्यंत टिकतात. पार्किन्सन्समध्ये आवाज क्षीण व एकसुरी होतो आणि हस्ताक्षरही बारीक होत जाते. त्यामुळे ‘बोलता येत नाही तर लिहून दाखवा’ हा सर्वांत सोपा वाटणारा सल्ला तेथे लवकरच अपुरा ठरतो. या दोन्ही ठिकाणी वैखरीला बाधा पोहोचते, मध्यमा मात्र बव्हंशी शाबूत असते.

याउलट मार्सेल मेसुलाम यांनी १९८२ मध्ये वर्णिलेल्या क्रमशः वाढणाऱ्या वाचाघातात भाषाच विरत जाते. नाम आठवत नाही, वाक्याची घडण मोडते. येथे अक्षरफळी निरुपयोगी ठरते, कारण अक्षरांतून जो शब्द घडवायचा तोच हाती लागत नाही. अशा व्यक्तीला छायाचित्रांची वही, घरातल्या वस्तूंची चित्रे, माणसांचे चेहरे आणि ठराविक दिनक्रम यांचा आधार लागतो. एकाच ‘बोलणे बंद झाले’ या तक्रारीमागे हे दोन अगदी वेगळे प्रसंग असू शकतात. म्हणून साधनाआधी मज्जासंस्थातज्ज्ञाचे निदान आणि वाचोपचारतज्ज्ञाची तपासणी या दोन पायऱ्या टाळता येत नाहीत.

३. जबलपूरचा संदर्भ

या प्रश्नाचा भाषिक पैलू महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरात अधिक तीव्रतेने जाणवतो. जबलपूर हे त्याचे चांगले उदाहरण आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आला, १८१७-१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला आणि पुढे १९५६ पर्यंत नागपूर हीच त्याची प्रांतिक राजधानी होती. मध्यप्रांताच्या कारभारात हिंदी आणि मराठी शेजारी नांदल्या. राज्यपुनर्रचनेनंतर येथील मराठी कुटुंबे हिंदी प्रदेशात राहिली. अशा एखाद्या घराचा विचार करू. आजी-आजोबा घरात मराठी बोलतात, मुले दोन्ही भाषा बोलतात, नातवंडांना मराठी कळते पण ती हिंदीत उत्तर देतात. डॉक्टर, परिचारिका आणि सेवेला येणारी व्यक्ती हिंदी बोलते.

या घरातील आजोबांची वाचा जाऊ लागली तर साधन कोणत्या भाषेत असावे? सोयीचे उत्तर हिंदी असे आहे. यंत्रातले तयार आवाज, तयार चित्रसंच आणि सेवकवर्ग या सर्वांना हिंदी मानवते. परंतु ज्या माणसाने पत्नीशी आयुष्यभर मराठीत संवाद केला, त्याला अखेरची वर्षे तिच्याशी हिंदीत बोलावयास लावणे म्हणजे त्याची इच्छा न विचारता केलेले सक्तीचे भाषांतर होय. सेवेकऱ्यासाठी हिंदीचे एक पान आणि घरच्यांसाठी मराठीचा पूर्ण संच अशी द्विभाषिक मांडणी हाच येथे न्याय्य मार्ग आहे.

याच जबलपुरात भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगमाचे एक उत्पादन केंद्र आहे. कानपूरला मुख्यालय असलेला हा सरकारी उपक्रम प्रामुख्याने तिचाकी सायकली, चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, कृत्रिम हातपाय यांसाठी ओळखला जातो. चालण्याच्या साधनाची कल्पना शासनाला आणि समाजाला परिचित आहे, बोलण्याच्या साधनाची कल्पना अजून तितकी परिचित नाही. कायद्याने मात्र ती मान्य केली आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील ‘संवाद’ या संज्ञेच्या व्याख्येत ब्रेल, चिन्हभाषा, सोपी भाषा यांबरोबरच पूरक व पर्यायी पद्धतींचाही स्पष्ट समावेश आहे. पार्किन्सन्सचा उल्लेखही त्याच कायद्याच्या अनुसूचीत आहे. मार्गदर्शनासाठी मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि मध्य प्रदेशात भोपाळचे संयुक्त क्षेत्रीय केंद्र यांचा विचार जबलपूरच्या कुटुंबाने करावा.

४. साधनांची उतरंड

साधन म्हटले की डोळ्यासमोर यंत्र येते. स्टीफन हॉकिंग यांच्या प्रसिद्धीमुळे हे स्वाभाविकच आहे. १९८५ मध्ये श्वासनलिकेवरील शस्त्रक्रियेनंतर त्यांचा उरलासुरला आवाज गेला. आरंभी कोणी अक्षरपट्टीवर बोट फिरवी आणि योग्य अक्षर येताच ते भुवई उंचावीत. त्यानंतर वॉल्ट वोल्टोझ यांची संगणकप्रणाली त्यांच्या हाती आली आणि मिनिटाला सुमारे पंधरा शब्द या गतीने ते बोलू लागले. म्हणजे हॉकिंग यांचेही पहिले साधन एक साधी पट्टी व एक भुवई हेच होते, ही बाब सहसा विसरली जाते.

उतरंडीची पहिली पायरी ‘होय’ आणि ‘नाही’ ही आहे. आपल्याकडे मान डोलावण्याचे अर्थ इतके आहेत की मानेवर विसंबणे धोक्याचे ठरते. डोळे वर म्हणजे होय, डोळे मिटणे म्हणजे नाही, असा एकच करार सर्वांनी करावा आणि तो लिहून भिंतीवर लावावा. विचारणाऱ्याने एका वेळी एकच प्रश्न विचारावा. ‘चहा हवा की दूध?’ या प्रश्नाला होय-नाहीत उत्तरच नसते. प्रत्येक संभाषणाच्या शेवटी ‘आणखी काही सांगायचे आहे का?’ हे विचारण्याचा नियम करावा, कारण विषय बदलण्याचा अधिकार ज्याच्याकडे वाचा नाही त्याच्याकडून सर्वांत आधी हिरावला जातो.

दुसऱ्या पायरीवर हाक मारण्याची घंटी, पाटी, शब्दफळी व अक्षरफळी येतात. पार्किन्सन्समध्ये आवाज मोठा करणारा कमरपट्ट्याचा लहान ध्वनिवर्धक येथेच मोडतो. तिसऱ्या पायरीवर मोबाइल, टॅब्लेट व डोळ्यांच्या हालचालीवर चालणारी यंत्रे आहेत. गूगलने २०२० मध्ये डोळ्यांच्या इशाऱ्याने आधी लिहून ठेवलेली वाक्ये निवडण्याचे एक उपयोजन खुले केले. आयफोन व आयपॅडमध्ये २०२४ पासून नजरेने पडदा चालवण्याची सोय आली.

भारतात या क्षेत्रात झालेली दोन कामे उल्लेखनीय आहेत. चेन्नईत अजित नारायणन यांनी घडवलेले ‘आवाज’ आणि मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात रवि पूवय्या यांच्या मार्गदर्शनाखाली विकसित झालेले, मराठीसह अनेक भाषांत चालणारे ‘जेलो’. दोन्हींचा मूळ हेतू बोलू न शकणाऱ्या मुलांना भाषेत आणणे हा आहे. येथे एक मूलभूत भेद ध्यानी घ्यावयास हवा. मूल भाषेच्या उंबरठ्यावर उभे असते, वाचा गमावणारा प्रौढ मात्र पूर्ण भाषेचा मालक असतो. ‘मला भूक लागली’ या चित्रावर बोट ठेवणे ही मुलाची प्रगती होय. निवृत्त शिक्षकाला तेवढेच देणे म्हणजे त्याची भाषा चाळीस चित्रांत कोंडणे होय. म्हणून अशा उपयोजनांतील तयार संच आहे तसा न स्वीकारता, ज्यात स्वतःची वाक्ये भरता येतात असेच साधन प्रौढासाठी निवडावे.

तिसऱ्या पायरीवर गेल्यावर दुसरी टाकून देऊ नये. वीज जाते, खुर्ची हलते, रुग्णालयात यंत्र नेता येत नाही. फळी मात्र सर्वत्र बरोबर येते.

५. वर्णमाला हेच साधन

अक्षरफळीत अक्षरांचा क्रम कोणता ठेवावा, या प्रश्नाला युरोपात दिले गेलेले सर्वांत प्रसिद्ध उत्तर जाँ-दोमिनिक बोबी यांच्या पुस्तकामुळे जगाला ठाऊक झाले. डिसेंबर १९९५ मधील मेंदूच्या आघातानंतर त्यांची केवळ डावी पापणी हलत होती. तो आघात होता, क्रमशः वाढणारा विकार नव्हे, परंतु साधन तेच. सहायिका अक्षरे एकामागून एक उच्चारी आणि हवे ते अक्षर येताच बोबी पापणी मिटत. अक्षरे ए-बी-सी या क्रमाने नव्हती. फ्रेंचमध्ये सर्वाधिक येणारी ई, एस, ए, आर, आय, एन ही अक्षरे आधी होती. रोमन वर्णक्रमाला ध्वनींचे कोणतेही तर्कशास्त्र नसल्यामुळे वारंवारतेचा आधार घेणे तेथे भाग होते.

देवनागरी वर्णमालेची गोष्ट वेगळी आहे. प्रातिशाख्ये आणि शिक्षाग्रंथ यांच्या परंपरेतून आलेली आपली मांडणी मुळातच एक कोष्टक आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशा पाच ओळी आणि प्रत्येकीत पाच वर्ण. पंचवीस वर्ण एका रांगेत उच्चारले तर हवा तो वर्ण येण्यास सरासरी तेरा आणि जास्तीत जास्त पंचवीस उच्चार लागतील. आधी वर्ग आणि मग वर्गातील वर्ण असे दोन टप्प्यांत विचारले तर सरासरी सहा आणि जास्तीत जास्त दहा. वर्ण सारख्याच वेळा येतात असे गृहीत धरून केलेला हा हिशेब आहे. प्रत्यक्षात त, न, र, ल यांसारखे वर्ण अधिक येतात, त्यामुळे ओळींचा क्रम बदलून थोडा वेळ वाचवता येईल. तथापि ‘क, ख, ग, घ’ हा क्रम ज्याच्या जिभेवर बालपणापासून आहे त्याला नवा क्रम शिकवण्याऐवजी जुनाच ठेवणे बरे. अंधारातही, फळी हाताशी नसतानाही, घरातले कोणीही ‘क-वर्ग? च-वर्ग?’ असे विचारू शकते, हा त्याचा मोठा लाभ आहे.

नजरेने चालणाऱ्या पारदर्शक फळीशी तर ही मांडणी विलक्षण जुळते. ॲक्रिलिकचा एक तक्ता घ्यावा, मधला भाग मोकळा ठेवावा आणि कडेने आठ जागा आखाव्यात. श्रोता समोरून फळी धरतो आणि बोलणाऱ्याची नजर कोणत्या जागेकडे गेली ते पाहतो. पहिल्या दृष्टिक्षेपाने वर्ग ठरतो, दुसऱ्याने वर्गातील वर्ण. पाच जागी पाच वर्ग ठेवावेत. सहावीत य, र, ल, व आणि त्यांच्यासोबत अनुस्वार व जोडाक्षराची खूण. सातवीत श, ष, स, ह, ळ. आठवी जागा स्वरांची. ऱ्हस्व-दीर्घ एकत्र धरले तर अ, आ, इ, उ, ए, ऐ, ओ, औ असे नेमके आठ स्वर तेथे मावतात. ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णय श्रोत्याने संदर्भावरून करावा. मराठी लेखनात ङ आणि ञ क्वचितच येतात. त्यांची घरे ‘शब्द संपला’ आणि ‘चुकले, पुन्हा’ या दोन खुणांना द्यावीत.

व्यंजनात अंगभूत ‘अ’ असल्यामुळे येथे काटकसरही होते. ‘घर’ हा शब्द घ आणि र अशा दोन वर्णांत, म्हणजे चार दृष्टिक्षेपांत पूर्ण होतो. रोमन लिपीत त्यालाच चार अक्षरे व आठ दृष्टिक्षेप लागतील. ‘पाणी’ला मात्र प, आ, ण, इ असे आठ दृष्टिक्षेप हवेत. जोडाक्षरे महाग पडतात, पण संवादात त्यांचे अनेकदा अडत नाही. ‘पत्र’ऐवजी ‘पतर’ लिहिले तरी श्रोता ओळखतो. शुद्धलेखनाचा आग्रह या ठिकाणी बाजूला ठेवलाच पाहिजे.

६. वाक्यांची पेढी

अक्षरफळीने काहीही सांगता येते, पण सावकाश. रोजच्या व्यवहारासाठी तयार वाक्ये लागतात. ती कोणाच्या भाषेत असावीत, हा कळीचा प्रश्न आहे. अमेरिकेत बॉस्टनच्या बालरुग्णालयातील वाचोपचारतज्ज्ञ जॉन कॉस्टेलो यांनी १९९० च्या दशकात एक पद्धत रुजवली. वाचा जाण्यापूर्वीच व्यक्तीने आपली नेहमीची वाक्ये आपल्याच आवाजात, आपल्याच ढंगात ध्वनिमुद्रित करून ठेवायची आणि पुढे यंत्राची कळ दाबून तीच ऐकवायची. आवाजाचे नमुने देऊन त्यावरून तसाच कृत्रिम आवाज घडवणे ही याहून वेगळी पद्धत आहे. ॲपलने २०२३ मध्ये ती सोय फोनवर आणली, परंतु तिचा आरंभ इंग्रजीपासून झाला. आज मोबाइलवर मराठी कृत्रिम आवाज मिळतात. ते स्पष्ट असतात, पण ते त्या व्यक्तीचे नसतात.

मराठीच्या संदर्भात या पेढीत काय ठेवावे? भाषाभ्यासकाचे साहाय्य येथे प्रत्यक्ष उपयोगी पडेल. पहिले संबोधन. ‘अहो’, ‘अगं’, ‘अरे’, ‘ए आई’ ही लक्ष वेधण्याची साधने आहेत आणि नात्यांची घोषणाही. दुसरे, मराठी क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग दाखवते (‘मी थकलो’, ‘मी थकले’) आणि ऐकणाऱ्याचेही (‘तू आलास’, ‘तू आलीस’). एका स्त्रीच्या यंत्रात पुरुषाच्या तोंडची वाक्ये राहून गेली, तर प्रत्येक वेळी कळ दाबताना तिला परके व्हावे लागते. तिसरे, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा भेद नाही. ‘आपण नर्मदेवर जाऊ’ आणि ‘आम्ही नर्मदेवर जाऊ’ यांत ऐकणारा सोबत आहे की नाही हे ठरते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या तोंडी ‘आपण’ हा शब्द असणे याचे मोल वेगळे सांगावयास नको. चौथे, ‘ना’, ‘च’, ‘की’, ‘बरं’, ‘म्हणे’ हे लहान शब्द. ‘जा’, ‘जा ना’, ‘जा बरं’ यांतील आज्ञा, विनवणी व लाड हे सारे त्या एका अक्षराने बदलतात. तयार शब्दसंच नामे आणि क्रियापदे देतात, हे निपात गाळतात आणि माणूस एकदम कोरडा बोलू लागतो.

याखेरीज घरातली खास विशेषणे, टोपणनावे, चिडल्यावरचे ठेवणीतले शब्द, नातवाला झोपवतानाचे गाणे, एखादा अभंग, एखादे हसणे हेही मुद्रित करावे. शिवीसुद्धा वगळू नये. रागावता न येणे ही वाचा गमावण्यातील एक मोठी हानी आहे.

पु. ल. देशपांडे यांना अखेरच्या वर्षांत पार्किन्सन्सने ग्रासले होते आणि १२ जून २००० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. एकपात्री प्रयोगांतून, अभिवाचनांतून त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित होऊन राहिला होता, म्हणून आजही तो घरोघरी ऐकला जातो. सामान्य माणसाच्या आवाजाचा असा संग्रह पूर्वी संभवत नव्हता. आता साध्या मोबाइलने तो करता येतो, मात्र तो वेळेवर करावा लागतो. रुग्णाला निदान पचवणेच कठीण झालेले असते, त्यात हा विषय काढणे घरच्यांना क्रूर वाटते. पण बोलणे अडखळू लागल्यावर केलेल्या मुद्रणात अडखळणेच साठते. ‘आजच करा’ असे न म्हणता ‘रोज दहा वाक्ये’ असा सौम्य क्रम ठेवला तर हे काम शोकाचे न राहता आठवणींचे होते.

७. लेखनिक आणि कर्ता

साधनाच्या दुसऱ्या टोकाला नेहमी एक माणूस असतो. त्याच्याविषयी वाङ्मयेतिहास काय सांगतो?

तत्त्वज्ञ फ्रांझ रोझेन्झ्वाइग यांना १९२२ मध्ये एएलएसचे निदान झाले आणि थोड्याच काळात लेखन व वाचा दोन्ही गेली. खुणेने अक्षर दाखवायचे आणि कळ दाबायची अशा रचनेचे एक टंकयंत्र त्यांनी वापरले. पुढे पत्नी एडिथ त्यांच्या सूक्ष्म खुणांवरून अक्षरे व शब्द ओळखू लागल्या. या अवस्थेत १९२४ मध्ये येहुदा हालेवींच्या कवितांचा त्यांचा जर्मन अनुवाद प्रसिद्ध झाला आणि १९२५ पासून मार्टिन ब्यूबर यांच्यासमवेत हिब्रू बायबलचे भाषांतर सुरू झाले. ते १९२९ मध्ये वारले, ब्यूबर यांनी काम पूर्ण केले ते १९६१ मध्ये. दुसऱ्याच्या बोलण्यावाचून विचार पुढे सरकत नाही, असे प्रतिपादन करणाऱ्या तत्त्वज्ञाचा प्रत्येक शब्द दुसऱ्याच्या मुखातून यावा, हा केवळ योगायोग मानला तरी अभ्यासकाला विचार करावयास लावणारा आहे.

काफ्का १९२४ मध्ये व्हिएन्नाजवळच्या कीर्लिंग येथे स्वरयंत्राच्या क्षयाने आजारी असताना बोलणे टाळून चिठ्ठ्यांवर लिहीत असे. माक्स ब्रोड यांनी त्यांतील काही १९५८ मध्ये पत्रसंग्रहासोबत छापल्या. वाचकाच्या हाती येतो तो अर्धा संवाद, कारण समोरच्यांची उत्तरे बोलली गेली आणि हवेत विरली. चिठ्ठीच्या साधनाचा हा स्वभावच आहे. ती आपल्या प्रश्नावाचून अपुरी असते. घरात अशी वही असेल तर श्रोत्याने स्वतःचा प्रश्नही तेथे लिहावा, म्हणजे पुढच्या पाळीला येणाऱ्याला संदर्भ कळतो.

आपल्या परंपरेत व्यास आणि गणेश यांची कथा आहे. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने ती मूळ संहितेबाहेर ठेवली असली तरी लोकमानसात ती दृढ आहे. गणेशाची अट अशी की सांगणाऱ्याने थांबू नये, व्यासांची अट अशी की लिहिणाऱ्याने अर्थ कळल्याशिवाय लिहू नये. अक्षरफळीपुढे बसलेल्या लेखनिकाला पहिली अट उलटवावी लागते, कारण सांगणारा थांबणारच. दुसरी अट मात्र जशीच्या तशी लागू आहे. अर्धा शब्द ऐकून तो पुरा करण्याचा मोह होतो. काहींना तो वेळ वाचवणारा वाटतो, काहींना तो आपल्या तोंडचा शब्द हिरावून घेणे वाटते. म्हणून अंदाज करण्याची परवानगी आधीच विचारून घ्यावी आणि पूर्ण झालेले वाक्य मोठ्याने वाचून संमती घ्यावी. इच्छापत्र, शस्त्रक्रियेची संमती, बँकेचे व्यवहार अशा प्रसंगी तर हा नियम अनिवार्य समजावा.

८. समारोप

वरील विवेचनातून निघणारा क्रम असा. प्रथम वैखरी जात आहे की भाषा, हे तज्ज्ञांकडून समजून घ्यावे. मुद्रणाचे काम लगेच सुरू करावे. होय-नाहीचा करार ठरवावा. वर्गवार अक्षरफळी आणि नात्यांसह, निपातांसह मराठी वाक्यसंच तयार करावा. सेवेकऱ्यांसाठी स्थानिक भाषेचे पान जोडावे. यंत्र त्यानंतर, ऐपत आणि गरज पाहून घ्यावे.

या क्रमातील अर्ध्याहून अधिक कामे पैशाची नसून भाषेच्या जाणकारीची आहेत. मराठी वर्णांची व अक्षरांची वारंवारता तपासून फळीचा क्रम सुधारणे, प्रौढांच्या बोलीतील संबोधने व निपात यांचे संच करणे, महाराष्ट्राबाहेरील द्विभाषिक घरांसाठी जोडपाने सिद्ध करणे ही कामे मराठी विभागांनी हाती घेण्याजोगी आहेत. बोलीचा कोश आपण बोली नष्ट होण्यापूर्वी करतो. एका माणसाची बोली हीसुद्धा एक बोलीच असते, आणि तिच्या कोशासाठी मिळणारा अवधी काही महिन्यांचाच असू शकतो.